चौतीस इंच कुणाच्या हाताचे?

बेस गिटार हे वाद्य माझ्या बाबांहून वयाने लहान आहे. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणला तो 1951 साली. त्याआधी, 1930 च्या दशकात, सिएटलच्या पॉल टुटमार्कने आडवा धरून वाजवायचा, पडदे (फ्रेट) असलेला इलेक्ट्रिक बेस केला होता, पण तो फारसा चालला नाही. म्हणजे आपण आज जे वाजवतो त्याचं वय पाऊणशे वर्षांच्या आसपास. व्हायोलिनचा आकार तीनशे वर्षांपूर्वी ठरून गेला आणि आता त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. बेसचं अजून सगळं ठरायचंय. खुंट्यांचं डोकं हवं की नको, तारा चार की सहा, लांबी किती, लाकूड की कार्बन, हे सगळे प्रश्न उघडे आहेत. म्हणून मला हे वाद्य इतकं आवडतं, आणि म्हणूनच कुणीतरी खास ऑर्डरवर घडवलेला, वेगळ्याच आकाराचा बेस दिसला की मी तासन्‌तास त्याचे फोटो मोठे करून बघत बसते.

मी महापेला टूल डिझाइनचं काम करते, त्यामुळे बघायची सवय तशीच झाली आहे. आधी रंग दिसत नाही, आधी पट्ट्याचं बटण कुठे बसवलंय ते दिसतं. मग नेक, म्हणजे मान, बॉडीला कुठे मिळते, खालच्या बाजूचा कट किती खोल आहे, ब्रिज, म्हणजे घोडी, किती मागे आहे. या चार गोष्टी पाहिल्या की वाजवणाऱ्याचा विचार झालाय की नाही ते बहुतेक वेळा कळतं.

फेंडरने नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ते ब्रिज ही लांबी चौतीस इंच धरली, आणि ते माप चांगलं निघालं यात शंका नाही. पण पुढे ते जणू निसर्गनियमच झालं. चौतीस इंची बेसवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर सात इंच भरतं. माझा हात लहान आहे. खालच्या पोझिशनमध्ये चार बोटं चार फ्रेटवर ठेवून तासभर वाजवलं की करंगळीच्या मुळापासून मनगटापर्यंत ओढ बसते. कॉलेजात सगळे म्हणायचे, सवय होईल. सवय झालीही. तरी प्रश्न उरतोच: हे माप कुणाच्या हाताचं?

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडला नसता. मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर पहिली चौकशी होते ती गाणारं कोण आहे याची. मर्दानी तंबोरा मोठा, जनानी लहान, कारण बाईचा षड्ज वर असतो. भोपळा निवडण्यापासून घोडी घासण्यापर्यंत सगळं त्या गळ्याकडे बघून होतं. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून ही कारागिरी तिथे उभी राहिली आणि आता मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. माणूस बघून वाद्य घडवणं हे आपल्याला नवं नाही. बेसच्या बाबतीत मात्र आपण दुकानात टांगलेलं असेल ते उचलतो आणि हाताला म्हणतो, घे जुळवून.

स्टॅन्ले क्लार्कचं उदाहरण मी सगळ्यांना देते. हा माणूस उंचापुरा, हात लांब, मूळचा उभा डबल बेस वाजवणारा. त्याला चौतीस इंच जड जायचं काही कारण नव्हतं. तरी इलेक्ट्रिक वाजवताना त्याने अलेम्बिक कंपनीचा पावणेएकतीस इंची बेस आपलासा केला, कारण त्याला बेसलाच गायला लावायचं होतं, वरच्या सुरात पळायचं होतं. त्या लांबीला नट ते चौथा फ्रेट हे अंतर सव्वासहा इंचांच्या थोडं वर येतं. फरक पाऊण इंचाचाही नाही, पण तेवढ्यात हाताची चालच बदलते. आखूड बेस म्हणजे मुलांचा किंवा शिकाऊंचा, हा गैरसमज त्याच्या एका वाद्याने मोडायला हवा होता.

आता स्टाइनबर्गरबद्दल, कारण त्याच्याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते. नेड स्टाइनबर्गर फर्निचर डिझायनर. ब्रुकलिनमध्ये सुतारांच्या सामाईक वर्कशॉपमध्ये तो काम करायचा आणि तिथेच स्टुअर्ट स्पेक्टर बेस बनवत होता. 1977 मध्ये त्याने स्पेक्टरसाठी एक बॉडी काढून दिली, पोटाशी बसेल अशी मागून खोलगट आणि पुढून फुगीर. तो आकार आजही चालू आहे. फर्निचरवाल्याने बसणाऱ्याच्या पाठीचा विचार करावा तसा याने वाजवणाऱ्याच्या पोटाचा विचार केला. मग त्याला पुढचा प्रश्न पडला. बेसची मान खाली का झुकते? लांब नेक, तिच्या टोकाला डोकं, डोक्यावर चार जडशीळ खुंट्या. तरफेच्या सगळ्यात लांब टोकाला आपणच वजन बांधून ठेवलंय. त्याने डोकंच काढून टाकलं आणि खुंट्या ब्रिजच्या मागे नेल्या.

दुसरा प्रश्न मेलेल्या जागांचा. नेहमीच्या लाकडी नेकच्या बेसवर ‘जी’ (G) या बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. बोट बरोबर असतं, तारही नवी असते, तरी स्वर बसतो. कारण असं की नेकचीही स्वतःची कंपनं असतात. एखाद्या स्वराची कंपनं त्यांच्याशी जुळली की तारेची ताकद नेक पिऊन टाकते. याला उत्तर म्हणजे नेक इतकी ताठ करायची की तिने हलूच नये. म्हणून कार्बन फायबर आणि इपॉक्सी. अशा रीतीने 1980 च्या सुमारास एल-टू हा बेस आला: वल्ह्याच्या पात्याएवढी बॉडी, काळा, बिनडोक्याचा. लोकांना तो भविष्यातला वाटला. मला त्यात कुठेही चमत्कृती दिसत नाही. प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी अडचणीचं उत्तर आहे, आणि उत्तरं एकत्र आली की तो आकार आपोआप होतो. असं डिझाइन मला आयुष्यात एकदा करता यावं.

आणि आपल्या इथे तर त्याची किंमत दुप्पट कळते. मी कोपरखैरण्याहून ठाण्याला लोकलने जाते. पाठीवर बेसची बॅग घेऊन लेडीज डब्यात शिरलं की बॅगेचं टोक दाराच्या पट्टीला लागतं, आत कुणाच्या तरी डोक्याला लागतं. बिनडोक्याचा बेस सात-आठ इंचांनी आखूड होतो आणि बॅग खांद्याच्या वर फारशी येत नाही. शिवाय पावसाळा. जूनमध्ये हवा ओली झाली की लाकडी नेकचा बाक बदलतो, तारा वर येतात, नेकच्या आतल्या, बाक जुळवणाऱ्या सळईला, म्हणजे ट्रस रॉडला, पाव फेरा द्यावा लागतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत उलटा. कार्बनच्या नेकला हा त्रास जवळजवळ नाही.

वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या मागच्या भागात एक काका बेस घडवतात. नोकरी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये झाली. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकडी पॅटर्न मूळ मापापेक्षा नेमकं किती मोठं करायचं, हे ज्यांच्या बोटांत बसलंय अशा पिढीतले. पुतण्या बेस वाजवायचा, त्याच्यासाठी पहिला केला आणि मग थांबलेच नाहीत. वर्षाला फार होत नाहीत, कारण ते नेकचं लाकूड कापतात, ओबडधोबड आकार देतात आणि मग अख्खा पावसाळा तसंच ठेवून देतात. काय वळायचं ते वळू दे, म्हणतात, नंतर मी सरळ करीन.

मी गेले तेव्हा बाकावर पाच तारांचा, बिनडोक्याचा बेस होता. बॉडी फणसाची, कोकणातल्या पाडलेल्या घराच्या तुळईतून काढलेली. ताज्या फणसाचा हळदीसारखा पिवळा रंग जाऊन लाकूड जुन्या मधासारखं झालं होतं. फिंगरबोर्ड शिसवी. जगभरच्या गिटारींवर इंडियन रोझवूड म्हणून जे लाकूड मिरवतं ते हेच, आपल्या सह्याद्रीतही वाढणारं. ब्रिज पितळेचा, शेजारच्या गाळ्यातल्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काढून घेतलेला, आणि त्यावरच्या खुंट्या अंगठा नि एका बोटात फिरतील इतक्या मऊ.

"अगं बघतेस काय, मांडीवर घे. पट्टा नको लावूस आधी," काका म्हणाले. "आता दोन्ही हात सोड."

मी सोडले. नेक जागची हलली नाही. बॉडीचं वरचं टोक, म्हणजे शिंग, बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे आणलं होतं आणि मांडीवर टेकणारी खाच बरोबर तोलाच्या बिंदूखाली होती. "काका, हे मोजून काढलंत?" विचारलं तर त्यांनी भिंतीवर टांगलेली पुठ्ठ्याची टेम्प्लेटं दाखवली, एकाखाली एक, प्रत्येकीवर पेन्सिलने वजनाची नोंद. मांडीवर ठेवून, कापून, परत ठेवून.

त्या बेसचे फ्रेट तिरके होते, पंख्याच्या काड्यांसारखे. सातवा फ्रेट सरळ, त्याच्या दोन्ही बाजूंचे एकमेकांविरुद्ध कलत गेलेले. ही युक्ती गिटार घडवणाऱ्या राल्फ नोव्हाकने 1989 मध्ये पेटंट केली, आणि पुढे कॅनडाच्या डिंगवॉल कंपनीने ती बेसवर खरी गाजवली. त्यांच्या मोठ्या बेसवर जाड तार सदतीस इंच तर बारीक तार चौतीस इंच असते. कारण साधं आहे. पियानोचं झाकण उघडून बघा, खर्जाच्या तारा लांब असतात. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा ई (E) स्वर 41 हर्ट्‌झचा. पाचवी तार, म्हणजे खालचा बी, 31 हर्ट्‌झवर येते. तेवढ्याच लांबीत तो खर्ज काढायचा तर तार जाड करा किंवा ढिली ठेवा. जाड तार दांडीसारखी वागायला लागते, तिचे वरचे सूर चढे लागतात आणि आवाज गढूळ होतो. ढिली तार लटपटते. फक्त त्याच तारेला लांबी दिली की ताण वाढतो आणि स्वर स्वच्छ होतो, बारीक तारांना मात्र लांबी नको असते. काकांच्या बेसवर मी तो खालचा बी एकदाच छेडला. बाकावरचे खिळे हलले आणि स्वर मात्र काठोकाठ स्पष्ट.

या खर्जाच्या मागे पहिल्यांदा हट्टाने लागला तो बेसवादक अँथनी जॅक्सन. त्याचं म्हणणं असं की बेस हे गिटारच्याच घराण्यातलं वाद्य, मग तारा सहा का नकोत? चार आहेत त्या केवळ फेंडरच्या डोळ्यांपुढे उभा डबल बेस होता म्हणून. 1975 मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्याला पहिला सहा तारांचा बेस करून दिला. तारांमधलं अंतर फार कमी होतं, जॅक्सनचं समाधान झालं नाही, मग पुढे केन स्मिथ, फोडेरा हे दुसरे कारागीर, छत्तीस इंची लांबी, असं वर्षानुवर्षं चाललं. वादकाने हट्ट धरायचा आणि कारागिराने तो पुरवायचा, या जोडीशिवाय सहा तारांचा बेस आज दिसलाच नसता.

याच कार्ल थॉम्पसनने बेसवादक लेस क्लेपूलसाठी केलेला रेनबो बेस मला फार प्रिय आहे. सहा तारा, बिनफ्रेटचा, कितीतरी जातींची लाकडं पट्ट्यापट्ट्यांनी जोडून केलेला. नेकच्या पट्ट्या वेगवेगळ्या लाकडांच्या जोडल्या की नेक वळायची शक्यता कमी होते, पण बॉडीवरचा तो रंगीत खेळ निव्वळ आनंदाचा आहे आणि तो तसा असायला माझी काही हरकत नाही. मला खटकतो तो वरवरचा दिखावा. साध्याच बॉडीवर दोन मिलिमीटरचा गाठाळ लाकडाचा पापुद्रा चिकटवायचा, मधून निळ्या रेझिनची नदी वाहवायची, आणि नेक मात्र खाली झुकतेय. सध्या असे बेस फार निघतात. गिब्सनचा 1963 चा थंडरबर्डही मान खाली टाकतो ही बेसवाल्यांची जुनी तक्रार, पण तो मोटारींच्या बॉडी काढणाऱ्या रे डिट्रिचच्या हातचा आहे आणि त्या रेषेला मी सगळं माफ करते. 1969 चा डॅन आर्मस्ट्राँगचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा अँपेग बेसही तसाच. जड आहे, पण सुंदर आहे.

सगळ्यात हुशार युक्ती म्हणून मी फिलिप कुबिकीच्या एक्स-फॅक्टर बेसचं नाव घेईन. त्यात ई तार नटच्या पलीकडे दोन फ्रेट पुढे गेलेली असते आणि तिथे एक छोटी खिट्टी असते. खिट्टी मिटलेली असताना नेहमीचा ई, उघडली की गाणं चालू असतानाच खालचा डी. खुंटीला हात लावायचा नाही. आपली किती गाणी डी मधली असतात! भावगीतांच्या कार्यक्रमात अशा जागी मी वरचा डी घेऊन निभावते आणि प्रत्येक वेळी मला ती खिट्टी आठवते.

काकांकडे आता माझा बेस लागला आहे. चार तारा, बत्तीस इंच, फणसाची बॉडी, डोकं नाही. बिनडोक्याच्या बेसला अनेकदा लागतात तशा दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागू नयेत, कारण त्या इथे सहज मिळत नाहीत. नटच्या जागी स्क्रूने आवळायचा पितळी ठोकळा येईल आणि साधी तार कापून बसवता येईल. त्या ठोकळ्याचं ड्रॉइंग मी काढून दिलंय. बिनफ्रेटचा करायचा हेही ठरलंय. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार घासत राहते आणि जवारी उमटते, तशी बिनफ्रेटच्या बेसवर तार शिसवीला हलकेच घासत राहते आणि स्वर बोलतो, फुलतो. बेसवादक जाको पास्टोरियसने त्याच्या 1962 च्या फेंडर जाझ बेसचे फ्रेट काढून फिंगरबोर्डवर बोटींसाठी वापरतात ते इपॉक्सी चढवलं होतं, तारांनी लाकूड झिजू नये आणि आवाज उजळ व्हावा म्हणून. काकांना इपॉक्सी नको आहे. "शिसव आहे ते, बोलू दे की त्याला. झिजलं तर दहा वर्षांनी रंधा मारून देईन." मला मात्र सपाट वेढ्याच्या गुळगुळीत तारा नकोत, गोल वेढ्याच्या खरखरीतच हव्यात, आणि त्या लाकूड खाणार हे नक्की. तेव्हा आधी शिसवीच्या दोन तुकड्यांवर, एक कोरडा आणि एक इपॉक्सी चढवलेला, तार ताणून ऐकायचं असं ठरलंय. पिकअपची, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकांची, जागा त्यानंतर.