पोस्टग्रेसची रॅम नेमकी खातंय कोण?

पोस्टग्रेस डेटाबेसच्या सर्व्हरवर मेमरी ९५ टक्के भरल्याचा अलर्ट आला की बरेच जण टॉप ही प्रोसेसची यादी उघडतात आणि रेस (प्रत्येक प्रोसेसची रॅम) कॉलमची बेरीज मारतात. ३२ जीबीच्या मशीनवर ही बेरीज सहज १०० जीबीच्या पुढे जाते. शेअर्ड बफर्स (सगळ्या प्रोसेसची सामायिक मेमरी) ८ जीबी असतील, तर त्यातली जितकी पानं एखाद्या बॅकएंडने (एका कनेक्शनची प्रोसेस) हाताळली तितकी सगळी त्याच्या नावावर लागतात. माल एकच, पण मोजला शंभरदा.

त्यामुळे आधी फ्री -एम चालवा आणि यूज्ड सोडून अव्हेलेबल बघा. लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो. अव्हेलेबलमध्ये बऱ्यापैकी जागा असेल आणि स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) हलत नसेल, तर अलर्टचा नियमच चुकीचा लावलाय.

अव्हेलेबल खरोखर घसरत असेल, तर प्रॉक फोल्डरमधल्या बॅकएंडच्या पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांक) स्टेटस फाइलमध्ये आरएसएस-अ‍ॅनॉन बघा. बॅकएंडची स्वतःची मेमरी तीच.

एकच बॅकएंड फुगलेला दिसला तर संशय क्वेरीवर. वर्क_मेम ही मेमरीची मर्यादा क्वेरीला नसून तिच्यातल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशला (टेबलं जोडताना मेमरीत बनणारा तक्ता) असते; हॅशला तर आवृत्ती १५ पासून मुळातच तिच्या दुप्पट मुभा आहे. म्हणजे ६४ एमबी ठेवून तीन हॅश जॉइन केले, तर ३८४ एमबी. दोन पॅरलल वर्कर मदतीला आले की तिघांचे मिळून ११५२ एमबीपर्यंत, आणि हे एका कनेक्शनचं! म्हणून सर्व्हरभर ४ ते १६ एमबी ठेवावी आणि रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनपुरती सेट लोकलने वाढवावी.

क्वेरी साध्या आहेत, तरी जुनी कनेक्शन दिवसेंदिवस जाड होत असतील, तर पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन पीआयडी देऊन चालवा (आवृत्ती १४ पासून आहे). लॉगमध्ये कॅशमेमरीकॉन्टेक्स्ट शेकडो एमबी दिसला, तर कारण बहुधा हजारो पार्टिशन (टेबलाचे तुकडे). हात लावलेल्या प्रत्येक टेबलाची माहिती बॅकएंड सहसा कनेक्शन तुटेपर्यंत धरून बसतो. पूलरमध्ये (कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरणारा मध्यस्थ) कनेक्शनचं आयुष्य ३० मिनिटांवर आणलं की प्रश्न सुटतो.

आता हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट. बॅकएंड सगळे सडपातळ, तरी रॅम गायब? प्रॉकमधल्या मेमइन्फोत पेजटेबल्स (कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे याची नोंदवही) ही ओळ वाचा. ८ जीबी म्हणजे ४ केबीची सुमारे २१ लाख पानं; प्रत्येकाची नोंद ८ बाइटची, म्हणजे एका प्रोसेसमागे १६ एमबी. ३०० कनेक्शननी सगळे बफर्स चाळले की ४.७ जीबी नुसत्या नोंदवहीत! ह्यूज पेजेस चालू केली की पान २ एमबीचं होतं आणि नोंदी ४०९६ वर येतात. मात्र ह्यूज_पेजेस हे सेटिंग मुळात ट्राय (जमलं तर वापर) वर असतं. कर्नलमध्ये एनआर_ह्यूजपेजेस राखून ठेवली नसतील, तर पोस्टग्रेस चुपचाप साध्या पानांवर सुरू होतो. मेमइन्फोत ह्यूजपेजेस_फ्री आणि ह्यूजपेजेस_टोटल सारखेच असतील आणि ह्यूजपेजेस_आरएसव्हीडी शून्य, तर नेमकं तेच झालंय.

फुगलेल्या बॅकएंडवर किल -९ मारू नका. पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) शेअर्ड मेमरी बिघडली असं धरून बाकीची सगळी कनेक्शनं तोडतो आणि रिकव्हरीत जातो. ओओएम किलरच्या (रॅम संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) तडाख्यानंतरही हेच होतं. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) त्याची नोंद सापडते. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड वापरा.