अकरा इंचांचा फूट

बडोद्यातल्या आमच्या शाळेच्या जयंतीच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलने, बक्षिसे आणि निकाल यांच्याआधी मला आठवला तो इयत्ता चौथीतला दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एक आठवडा आणि त्या आठवड्यात आमच्या वर्गभर पसरलेले सुतळीचे एक भेंडोळे.

सोमवारी बाईंनी गणिताचे पुस्तक उघडलेच नाही. कमाटी बागेतल्या संग्रहालयातला देवमासा मोजायला उद्या जायचे आहे, आणि तेवढी लांब पट्टी बाजारात मिळत नसल्याने ती आपणच तयार करायची आहे, असे त्यांनी जाहीर केले. एकाच पट्टीने मापले तर सगळ्या गाठी सारख्या अंतरावर पडतील, म्हणून हे काम एकाकडेच द्यायचे ठरले आणि अक्षर चांगले असल्याच्या पुण्याईवर ते माझ्याकडे आले. (अक्षराचा आणि गाठींचा काय संबंध, हे मला आजही उमगलेले नाही.) माझ्या लाकडी फूटपट्टीने मापून मी दुपारपर्यंत सुतळीला ८० गाठी मारल्या. घरी मोजमापाचे जुने शब्द विचारून यायचे होते. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १९०६ साली बडोदा राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा, मुलीला शाळेत न पाठवल्यास दंड होईल या धाकाने का होईना, आमच्या आजीचे नाव शाळेत घातले गेले होते, आणि त्या शिक्षणाचा तिला फार अभिमान होता. तिने वीत आणि हात तर सांगितलेच, पण दोन्ही हात पसरले की होते ती वाव, म्हणजे चार हात, हेही उभे राहून करून दाखवले.

मंगळवारी आम्ही दोन-दोनच्या रांगेत रावपुऱ्यातून बागेच्या दाराशी असलेल्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापर्यंत चालत गेलो. विश्वामित्रीच्या पुलावर मगर दिसते का हे पाहण्यात रांग दोनदा मोडली. संग्रहालयाची इमारत १८९४ सालची आहे हे बाईंनी दारातच सांगितले, पण आमचे लक्ष आतल्या ममीकडे होते. तिच्यापाशी मात्र आम्हाला मिनिटभरही थांबू दिले नाही. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या त्या निळ्या देवमाशाचा सांगाडा समोर आला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प झाली. पहारेकरी मात्र ‘अडशो नहीं’ असे दर दोन मिनिटांनी बजावत होता. त्यामुळे हाडांना हात न लावता सांगाड्याच्या कडेने जमिनीवर सुतळी अंथरावी लागली. गाठी भरल्या ७८, आणि वर साधारण अर्धा फूट. संग्रहालयात सांगितलेली लांबी मात्र सुमारे ७२ फूट होती.

परतताना वर्गात दोन तट पडले. संग्रहालयवाल्यांनी चुकीचे मोजले आहे, असे मानणाऱ्यांचा पुढारी अर्थातच मी होतो.

बुधवारी बाईंनी फळ्यावर ७२ आणि ७८ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि कोणता बरोबर हे सांगायचे साफ नाकारले. ज्याचे वडील शिंपी होते त्या मुलाला त्यांनी घरून मापाची टेप आणायला सांगितले होते. वर्गाची खोली आधी टेपने मोजली, ती २० फूट भरली. मग सुतळीने मोजली, ती जवळजवळ २२ झाली. एका दिवसात खोली वाढली कशी, एवढेच बाईंनी विचारले आणि त्या वही तपासत बसल्या. पाऊण तास आम्ही गाठी आणि टेप जुळवत होतो. अखेर एका मुलीने, जी एरवी वर्गात तोंड उघडत नसे, माझी पट्टी हातात घेऊन सांगितले की हिला शून्यच नाही. तिचे खरे होते. थोरल्या भावाने त्या पट्टीने डब्याचे झाकण उचकटताना पहिला इंच मोडला होता, आणि मी उरलेल्या तुकड्यालाच १२ इंच समजून गाठी मारत सुटलो होतो. माझा प्रत्येक फूट अकरा इंचांचा होता.

मला वाटले, आता उभे राहावे लागणार. बाईंनी फळ्याकडे वळून ७८ गुणिले ११ करायला सांगितले. उत्तर आले ८५८. वरच्या अर्ध्या फुटाचे ६ इंच मिळवून ८६४, त्याला १२ ने भागले, तर बरोबर ७२. बाकी उरली नाही. भागाकारात बाकी शून्य आल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्याचे मी त्यानंतर कधी पाहिले नाही.

गुरुवारी मैदानावर चुन्याने देवमासा आखला. त्यात डोक्याला पाय लावून झोपायला चौथीतली १८ मुले लागली. देवमासा हा मासा नव्हे, तो पिलांना दूध पाजतो, म्हणजे चूक फक्त सुतळीतच नव्हती तर नावातही आहे, असे बाई त्या रेघेवर उभ्या राहून म्हणाल्या. शुक्रवारी निबंध होता. ‘मी देवमासा बोलतो आहे’ असे लिहायला सक्त मनाई होती. विषय होता ‘चूक कशी सापडली’, आणि मला त्यात दहापैकी पाच गुण मिळाले, कारण मी पट्टी कोणी मोडली यावरच अर्धे पान खर्च केले होते.

शनिवारी सकाळच्या शाळेत पालकांना बोलावले होते. आजीने मैदानावर येताच सांगितले की ७२ फूट म्हणजे ४८ हात, म्हणजे १२ वाव. मग तिने हटूनच बारा मोठी माणसे चुन्याच्या रेघेवर हात पसरून उभी केली, स्वतः तोंडाशी आणि शिपाईकाका शेपटीशी. काकांची बोटे शेपटीच्या वीतभर पुढे गेली. त्यांचे हातच लांब आहेत, असा निर्णय आजीने दिला आणि तो कोणी तपासला नाही.

सोमवारी हजेरीच्या वेळी बाईंनी मला फूटपट्टी परत दिली. मोडलेल्या टोकाशी त्यांनी निळ्या शाईने बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘येथे १ आहे.’