आमची वाटचाल : घरचे काम घरी, यंत्राचे काम आमच्याकडे

मोटारसायकलच्या इंजिनाला रंग देणे आणि त्याच्या ॲल्युमिनियमच्या भागांना पॉलिश करणे, एवढाच आमचा लहानसा उद्योग आहे. सुरुवातीला आलेले प्रत्येक इंजिन आम्ही पूर्णपणे ताब्यात घेत असू आणि धुण्यापासून शेवटचा हात फिरवण्यापर्यंत सगळे काम आमच्याच छपराखाली होत असे. आज त्यातले निम्म्याहून अधिक काम आम्ही ग्राहकाला त्याच्या घरी करायला सांगतो, ते कसे करायचे हे लिहून देतो, लागणारे साहित्य पुरवतो आणि घरी करण्याजोगे नाही तेवढेच आमच्याकडे घेतो. काम परत देऊन धंदा वाढतो हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्या बाबतीत घडले ते असेच.

पहिली इंजिने आम्ही दोघा भागीदारांनी घराच्या मागच्या खोलीत केली. त्या वेळी आमच्याजवळ यंत्र म्हणावे असे काहीच नव्हते. रॉकेल, जुने ब्रश, वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा घासकागद), मास्किंग टेप, स्प्रेचे डबे आणि भरपूर वेळ एवढ्या भांडवलावर ती तयार झाली, आणि त्यांतली काही आजच्या आमच्या कामाशेजारी ठेवली तरी उणी दिसणार नाहीत. पुढे बाकावर बसवायची बफिंगची (कापडी चाकावर घासून धातूला चकाकी आणणारी) मोटर आली, कंप्रेसर आणि स्प्रे गन आली आणि सर्वांत शेवटी पाणी व काचेचे बारीक मणी एकत्र मारून धातू साफ करणारे वेपर ब्लास्टिंगचे कॅबिनेट आले. यंत्रांमुळे नाव झाले, कामे वाढली आणि त्याबरोबर थांबून राहिलेल्या इंजिनांची रांगही वाढली. रांग का वाढते हे पाहण्यासाठी कामाच्या तासांची नोंद ठेवू लागलो, तेव्हा लक्षात आले की यंत्रे बहुतेक वेळ रिकामीच असतात. कारागिरांचा दिवस जातो तो फिन्सच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या, खाचांतून तेलकट माती काढण्यात, जुनी गॅस्केट (दोन भागांच्या जोडातली गळती रोखणारी पातळ पट्टी) खरवडण्यात आणि टेप लावण्यात. ज्या कामाला कौशल्यापेक्षा चिकाटी अधिक लागते त्याचे पैसे ग्राहक आम्हाला मोजत होता, आणि स्वतःच्या गाडीसाठी ती चिकाटी त्याच्याजवळ आमच्याहून जास्त होती.

म्हणून पहिल्यांदा आम्ही धुलाई परत दिली. कार्ब्युरेटरचे तोंड, एक्झॉस्टचे तोंड, प्लगचे भोक आणि ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) घट्ट बंद करावेत, सुकलेली माती लाकडी चिपेने उकरावी, मग डिझेल किंवा रॉकेल ब्रशने चोळून तेलाचा थर सोडवावा, त्यानंतर कोमट साबणाच्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या फडक्याला थिनर लावून पुसावे, असा क्रम आम्ही लिहून दिला. फडके पांढरेच हवे, कारण त्यावर डाग उमटणे थांबले की नाही हीच या कामाची खरी कसोटी असते. तरीही एवढ्याने काम संपत नाही. ओतीव ॲल्युमिनियममध्ये सूक्ष्म छिद्रे असतात आणि वर्षानुवर्षे गळतीत राहिलेल्या भागाच्या छिद्रांत तेल मुरलेले असते. अगदी स्वच्छ दिसणारे कव्हर हॉट एअर गनने हळूहळू तापवले की जोडाच्या कडेला आणि स्क्रूच्या भोकांभोवती तेलाचे बारीक पिवळसर थेंब वर येताना दिसतात. ते पुसावेत, भाग थंड होऊ द्यावा, थिनरने पुसावा आणि पुन्हा तापवावा. थिनर पूर्ण उडून गेल्याशिवाय मात्र गन हातात घेऊ नये. थेंब येणे थांबेपर्यंत हे करत राहिले तरच रंग टिकतो. नाहीतर इंजिन पहिल्यांदा नीट तापते तेव्हा हेच तेल रंगाला खालून फुगवते. अशी वाट पाहणे घरी परवडते, आमच्या बाकावर परवडत नाही.

या टप्प्यावर दोन गोष्टींची सक्त मनाई आम्ही ठळक अक्षरांत करतो. एक म्हणजे कॉस्टिक सोडा. लोखंडावरचे ग्रीस आणि जुना रंग तो झकास काढतो, पण ॲल्युमिनियमला तो अक्षरशः खातो, त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो आणि भाग काळपट, खडबडीत होऊन बाहेर येतो. दुसरी म्हणजे लोखंडी तारेचा ब्रश. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढे तेथेच तांबूस ठिपके उमटतात. पितळी किंवा नायलॉनचा ब्रश वापरावा.

सुटे करण्याविषयी फार लिहायला नको, पण आमच्या कागदातली एक सूचना ग्राहकांना सर्वाधिक उपयोगी पडली. क्लच कव्हरचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. जाड पुठ्ठ्यावर कव्हरची बाह्यरेषा काढून, भोके पाडून, निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर केसिंग, म्हणजे इंजिनाचे ओतीव कवच, तडकते आणि आखूड स्क्रू लांब जागी बसवला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा ताण येऊन ते उपटून निघतात. जपानी बनावटीच्या इंजिनांवरचे अधिक चिन्हाच्या (+) खाचेचे स्क्रू साध्या फिलिप्स डोक्याचे नसून जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात, तेव्हा त्याच टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा पेचकस) वापरावा. साध्या टोकाने डोके झिजले की अर्धा दिवस ड्रिलिंगमध्ये जातो.

पॉलिशच्या बाबतीत आमची विभागणी अधिक विचार करून ठरली. बहुतेक इंजिनांची चकाकणारी कव्हरे कारखान्यातून बाहेर पडताना त्यांच्यावर पारदर्शक लॅकर असते. एखादा दगड लागून ते तडकले की तेथून पाणी आत शिरते आणि लॅकरखाली पांढरट, नागमोडी धाग्यांसारखा काट पसरत जातो. ग्राहक त्यावर धातूचे पॉलिश घासघास घासतो आणि काहीच बदल होत नाही, कारण त्याचे फडके धातूला पोहोचतच नसते. आधी पेंट रिमूव्हरने लॅकर पूर्ण काढणे भाग असते, तेही मोकळ्या हवेत, रसायन झेपणारे हातमोजे आणि चष्मा घालून. त्यानंतर वॉटर पेपर. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. खड्डे असतील तरच २४० नंबरपासून सुरुवात करावी, नाहीतर ३२० किंवा ४०० पुरतो. पुढे ६००, ८०० आणि १२०० असे जाताना प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आधीच्या दिशेला काटकोनात बदलावी, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे वेगळे उठून दिसतात, आणि ते पूर्ण नाहीसे झाल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नये. पाण्यात साबणाचा थेंब टाकला तर पेपर भरत नाही. दिवा समोर न धरता बाजूने, तिरका धरावा, कारण समोरच्या उजेडात सगळीच कव्हरे चांगली दिसतात. १२०० नंबरपर्यंत नीट आलेले कव्हर आमच्याकडे आले की बफवर त्याला फार थोडा वेळ लागतो, आणि ज्याला यायचेच नाही तो कापड आणि मेटल पॉलिश घेऊन हातानेही ते आरशासारखे करू शकतो. सगळ्याच गोष्टी आरशासारख्या कराव्यात असे मात्र आम्हाला वाटत नाही. क्रॅंककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य कवचाचा, मूळचा ओतीव पोत राखून फक्त कव्हरे चमकवलेले इंजिन आमच्या डोळ्यांना अधिक देखणे वाटते, पण शेवटी गाडी ज्याची त्याची.

बफिंगची मोटर आम्ही स्वतःकडेच ठेवली. चाक वरून आपल्याकडे खाली फिरत असते आणि वस्तू नेहमी चाकाच्या मध्यरेषेखाली टेकवायची असते. वरच्या बाजूला एखादी कड जरी लागली तरी चाक ती वस्तू हातातून हिसकावून फेकते, आणि फेकले जाते ते कव्हर बोटांना, चेहऱ्याला किंवा जमिनीला लागते. सैल बाही, गळ्यातील साखळी आणि मोकळे केस यांना तेथे जागा नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते, म्हणून लोखंड आणि ॲल्युमिनियम आम्ही एकाच चाकावर कधीच घासत नाही आणि धूळ साचू देत नाही. काही इंजिनांची कव्हरे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. हाताला ती लक्षात येण्याइतकी हलकी लागतात. त्यांची धूळ पेटली तर पाणी टाकल्याने आग अधिकच भडकते. अशी कव्हरे आम्ही पॉलिशसाठी घेत नाही, रंगासाठी घेतो.

ब्लास्टिंग घरी करू नये असे आमचे ठाम मत आहे, आणि बाहेर करून घ्यायचे तरी जुळवलेल्या इंजिनावर कधीही करू नये. काचेचा मणी किंवा वाळूचा कण तेलाच्या वाटेत अडकून राहिला की पुढे तो बेअरिंगपर्यंत जातो आणि सुंदर दिसणारे इंजिन आतून संपते. हाच धोका गॅस्केटचा पृष्ठभाग साफ करण्यासाठी ड्रिलला लावतात त्या खरखरीत चकत्यांचाही आहे, कारण त्यांतून झडणारी पूडही अपघर्षकच असते. आमच्याकडे येणारा भाग पूर्ण सुटा असला पाहिजे, तेलाच्या वाटांची बुचे काढलेली असली पाहिजेत, आणि ब्लास्टिंगनंतर आम्ही प्रत्येक वाट पाण्याने व दाबाच्या हवेने आलटून पालटून धुतो. घाईचे गिऱ्हाईक येथेच नाराज होते, पण त्याला आमचा इलाज नाही.

रंगाच्या बाबतीत आमचा सर्वाधिक वेळ समजावण्यात जातो. डब्यावर ६०० अंश लिहिलेला रंग संपूर्ण इंजिनाला लावला की तो सर्वांत टिकाऊ ठरेल, असा समज सर्वत्र आढळतो. हे रंग सिलिकॉन रेझिनचे असतात आणि ते हवेने वाळलेले दिसले तरी खऱ्या अर्थाने पक्के होतात ते तापल्यावर, तेही डब्यावर दिलेल्या तापमानाच्या पायऱ्यांनी, बहुतेक वेळा २०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर. एक्झॉस्टच्या नळीला ते तापमान सहज मिळते आणि सिलिंडर हेडला बऱ्याच अंशी मिळते. पण क्रॅंककेसमधील तेल साधारण १०० अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे केसिंगवर हा रंग कधीच पूर्ण पक्का होत नाही आणि पेट्रोलचा एक ओघळ आला की मऊ पडून फडक्याला लागतो. म्हणून क्रॅंककेस आणि कव्हरांना इंजिन इनॅमल, आणि जास्त तापणाऱ्या भागांना उष्णतारोधक रंग, असे दोन वेगळे डबे आम्ही देतो. सिलिंडर आणि हेड आधी सुटे आणले तर आम्ही ते ओव्हनमध्ये पायरीपायरीने तापवून देतो. घरी तो पक्का करायचा तर इंजिन थोडे चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, मग थोडे अधिक चालवावे. हवेवर थंड होणारे इंजिन स्टँडवर बराच वेळ चालू ठेवले तर वारा न मिळाल्याने ते भलतेच तापते, हे विसरू नये.

काळ्या रंगाने इंजिन जास्त तापेल का, हा प्रश्न हमखास येतो. उष्णता बाहेर टाकण्यात मॅट काळा पृष्ठभाग चकचकीत धातूपेक्षा पुष्कळ सरस असतो, आणि चालत्या गाडीत तसेही मुख्य काम वाराच करतो. काळजी घ्यायची ती जाडीची. स्प्रेचे दोन-तीन पातळ हात फिन्सना काही करत नाहीत, पण एकावर एक चढवलेले जुने थर आणि त्यांवरचा लेप उष्णता अडवतात. पावडर कोटिंगचा (पूड चिकटवून भट्टीत वितळवलेल्या रंगाचा) थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन भरतो, म्हणून फिन्सवर आम्ही ते करत नाही. शिवाय खोल खाचांत पावडर नीट पोहोचतही नाही. स्प्रे करताना आधी खाचांच्या तळाशी, वेगवेगळ्या कोनांतून हलका हात द्यावा आणि बाहेरच्या कडा शेवटी घ्याव्यात. उलट केले तर कडांवर ओघळ येतात आणि तळ उघडा राहतो. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, तेव्हा त्या दिवशी काम पुढे ढकललेले बरे.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि साधा रंग त्याला धरत नाही, त्यामुळे एच प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर, लागतो. उष्णतारोधक रंगाखाली मात्र त्याच्या उत्पादकाने सांगितलेलाच प्रायमर वापरावा, कारण साधा प्रायमर तापून जळतो. गॅस्केटचे पृष्ठभाग, बोल्टच्या डोक्याखालची बैठक आणि अर्थिंगची जागा टेपने झाकावी. बोल्टखाली रंग राहिला तर तो दबून बोल्टची पकड सैल होते, आणि अर्थिंगवर राहिला तर रंगकामानंतर गाडी चालू का होत नाही याचा शोध वायरिंगमध्ये घेत बसावे लागते. इंजिन नंबरावर जाड थर देऊ नये आणि पेपर तर अजिबात मारू नये. नंबर खरवडलेले केसिंग आमच्याकडे आले तर आम्ही ते तसेच परत करतो.

हार्डनर मिसळायचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पेट्रोलला सर्वांत चांगला तोंड देतो, तरी तो आम्ही डब्यात भरून विकत नाही. त्यातील आयसोसायनेट फवाऱ्याबरोबर श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क त्याला अडवू शकत नाही. ते काम बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क घालून, आमच्याच बूथमध्ये, म्हणजे रंग फवारण्याच्या बंद खोलीत, होते. पॉलिश केलेल्या कव्हरवर मात्र क्लिअर कोट मागितला तरी आम्ही शक्यतो देत नाही, कारण आरशासारख्या गुळगुळीत धातूला धरायला त्याला काहीच मिळत नाही आणि लवकरच पुन्हा तोच नागमोडी काट सुरू होतो. त्याऐवजी मेण लावून अधूनमधून पुसत राहावे असे सांगतो आणि मेणाची डबी ग्राहकाला द्यायच्या साहित्याच्या किटमध्ये घालतो.

सध्या आमच्याकडे येणाऱ्या कामात संपूर्ण इंजिने थोडी असतात. बरीचशी पार्सले घरी धुतलेल्या, घासलेल्या आणि नावाची चिठ्ठी लावलेल्या सुट्या भागांची असतात, त्यामुळे कॅबिनेट, बफ आणि बूथ दिवसभर चालू राहतात. किटमध्ये आता कार्ब्युरेटरच्या सफाईचे साहित्य घालावे अशी मागणी होत आहे. त्यासाठी कोणते रसायन झिंकच्या ओतीव भागाला आणि रबरी ओ-रिंगला अपाय करत नाही, याची पडताळणी आम्ही हाती घेतली आहे.