पहिली ओळ पुन्हा

परभणीत माझं शिलाईचं काम आहे. हातपाय मशीनवर, डोळे टिपेवर, कान मात्र दिवसभर मोकळे. म्हणून कात्रीशेजारी छोटा स्पीकर असतोच. गेल्या रविवारी लग्नाचे ब्लाऊज कापून ठेवले होते, गिऱ्हाईक कुणी यायचं नव्हतं. मनासारखं ऐकायला असा दिवस क्वचित मिळतो.

सकाळी ओव्या लावल्या. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या. ताडकळस आमच्याच जिल्ह्यातलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत हा आवाज जपला गेलाय. अरण्यात सीता रडते आणि बोरी-बाभळी बाया होऊन तिची समजूत काढतात, ही ओवी आपल्याकडे कितीजणींच्या तोंडी होती! शब्द थोडेच असतात. पण गाताना तीच ओळ फिरून येते, मध्ये ‘सांगते बाई तुला’ येतं, आणि ऐकणारी त्या रडण्याजवळ हळूहळू जाऊन पोचते. कागदावर तीच ओवी वाचली तर दोन ओळींत संपते. गळ्यातून ऐकली तर संपत नाही.

अस्तर जोडून झालं आणि मी बेसी स्मिथ या ब्लूज गायिकेकडे वळले. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं. मिसिसिपीचा तो भाग आमच्यासारखाच काळ्या मातीचा आणि कापसाचा. डब्ल्यू. सी. हँडी नावाच्या संगीतकारानं लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास टटवायलर स्टेशनात गाडीची वाट बघताना त्यानं एक माणूस ऐकला. तो गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा गात होता. पुढं ब्लूजचा साचा पक्का झाला तो असा: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा हा फेरा. एका बारमध्ये चार ठोके.

त्याच हँडीनं १९१४ मध्ये ‘सेंट लुई ब्लूज’ रचलं आणि बेसी स्मिथनं ते १९२५ मध्ये गायलं. ते ध्वनिमुद्रण मी पुन्हा पुन्हा ऐकते, आणि त्याचं एक कारण म्हणजे त्यात ढोलबिल काही नाही. तिच्या साथीला लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, आणि फ्रेड लाँगशॉची हार्मोनियम, बस्स. भात्याची पेटी! आपल्या भजनात असते तशी ती मागं सूर धरून बसलेली. बेसी ओळ संपवते, श्वास घेते, आणि त्या मोकळ्या जागेत कॉर्नेट बोलतो. दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा कॉर्नेट वेगळं बोलतो. शब्द तेच, पण आता ती बाई एकटी राहिलेली नसते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून हूक लावत होत्या.

“काय म्हणायलीय गं ही?”

“माणूस सोडून गेलाय तिचा. पहिलं दोनदा सांगती, मग पुढचं सांगती.”

“मग काय येगळं हाय? आमी बी तसंच करायचो. पहिली घोळवायची, तवर पुढची सुचती.”

जे मी इतकं वाचून समजून घेतलं होतं, ते त्यांना दळताना हाताला कळलेलं होतं. ओळ परत म्हणताना गाणारी विचार करत असते. तिला ती सवड लागते, आणि ऐकणाऱ्यालाही.

त्या ध्वनिमुद्रणाची तारीख १४ जानेवारी आहे. मराठवाड्यातल्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. १९९४ मध्ये याच दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि दरवर्षी विद्यापीठाच्या गेटवर भीमगीतं घुमतात. दुपारभर मग वामनदादा कर्डकांचीच गाणी चालली. धृपदाला कोरस उठतो तेव्हा ऐकणारा बाजूला उभा राहूच शकत नाही.

संध्याकाळी पिको करताना नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन. सचखंड एक्स्प्रेस आमच्याच स्टेशनावरून अमृतसरला जाते, पण त्याहून जुनं नातं नामदेवांचं. नर्सी आमच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, रागांत बांधलेली, कुठं आसा, कुठं मल्हार. शबदात, म्हणजे ग्रंथातल्या पदात, ‘रहाउ’ अशी खूण केलेली ओळ असते. रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, तिलाच धृपद धरतात आणि प्रत्येक कडव्यानंतर तिच्याशी येतात. आपल्या दिंडीत टाळकरी धृपद उचलतात तसंच. तबल्याचा ठेका वेगळा, उच्चार पंजाबी, तरी नामदेवांचं नाव आलं की आत्याबाईंचे हात जोडले जातात.

रात्री नुसरत फतेह अली खान. कव्वाली मला दर्ग्यानं दिली. आमच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात फेब्रुवारीत ती लहानपणापासून ऐकत आले. नुसरत एकाच ओळीवर थांबतात, साथीदार टाळ्यांवर ती धरून ठेवतात, आणि नुसरत तिच्यात सरगम घालतात, दुसऱ्याच कवीचा शेर घालतात, परत तिथंच येतात. आता लोक यातला वीस सेकंदांचा तुकडा कापून फिरवतात, बहुधा सर्वांत चढलेली तान. मला ते मनापासून खटकतं. ती तान जिथून उठली ती वाट कापून टाकली, तर उरतो नुसता आवाज.

माझा मुलगा अकरावीत आहे. “मम्मी, हे तर तेच तेच म्हणायलेत,” म्हणाला. मी म्हटलं, बस इथं, दहा मिनिटं ऐक, मोबाइल बाजूला ठेव. बसला तो. सातव्या-आठव्या फेऱ्याला त्याची बोटं टेबलावर ठेका धरायला लागली, आणि मी दुसरा ब्लाऊज मशीनवर घेतला.