न बांधलेलं राजभवन बघायला चंडीगडला

चंडीगडला लोक सुखना तलाव बघतात, रॉक गार्डनमध्ये फोटो काढतात आणि सिमल्याची गाडी पकडतात. आम्ही गेलो ते तिथे नसलेल्या एका इमारतीसाठी. ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबच्या राज्यपालांसाठी एक राजभवन आखलं होतं. जागा ठरली, ड्रॉइंग्ज झाली, शेजारच्या इमारतींची मांडणी त्याच्या हिशेबाने झाली, आणि ते मात्र कधीच बांधलं गेलं नाही. आर्किटेक्चरला असताना त्याचं एक रेखाटन मी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलं होतं. तेव्हापासून त्या मोकळ्या जागेवर एकदा जाऊन उभं राहायचं मनात होतं.

सोबतीला दादा होता. माझा मोठा भाऊ बांधकाम खात्यातून निवृत्त झालाय. एस्टिमेट, टेंडर आणि एमबी (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) यांत त्याची नोकरी गेली. "जे बांधलंच नाही ते बघायचं काय?" असं त्याने दिल्लीहून शताब्दीत बसल्यावर विचारलं खरं, पण पानिपत मागे पडेपर्यंत माझ्या मोबाइलमधली सगळी ड्रॉइंग्ज त्याने मोठी करकरून बघितली होती.

आधी सेक्टर १० मधलं आर्किटेक्चर म्युझियम बघितलं. शहर कसं ठरलं याची कागदपत्रं, नकाशे आणि प्रतिकृती तिथे आहेत. फाळणीत लाहोर गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी हे शहर वसवायचं ठरलं. पहिला आराखडा कॉर्बुझिएचा नव्हता, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नसतं. तो अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि त्यांचे पोलिश सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा होता. नोविकींनी झाडाच्या पानासारखं शहर काढलं: मधली शीर म्हणजे मुख्य रस्ता, बाजूच्या शिरा म्हणजे वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा. भारतातून परत जाताना, ऑगस्ट १९५० मध्ये, इजिप्तमधल्या विमान अपघातात ते गेले. वय अवघं ४०. मेयर पुढे काम चालवू शकले नाहीत आणि ते पान कागदावरच राहिलं.

त्या वळणदार रेषांपाशी मी बराच वेळ थांबले. आजचं चंडीगड काटकोनात आखलेलं आहे, तरी मेयर-नोविकींच्या आराखड्यातलं बरंच काही त्यात मुरलंय. माथ्यावर राजधानीच्या इमारती, मध्यभागी बाजारपेठ, शाळा आणि दुकानं घराजवळ असलेल्या स्वतंत्र वस्त्या. नोविकींचं नाव शहराबाहेर फार कुणी घेत नाही. ते घेतलं पाहिजे.

नोविकी गेल्यावर राजधानी प्रकल्पाचे प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा युरोपात माणूस शोधायला गेले. लंडनचे मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू, पॅरिसचे कॉर्बुझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे अशी चौघांची जमवाजमव झाली. फेब्रुवारी १९५१ मध्ये कॉर्बुझिए इथे आले. पॅरिसला रू द सेव्र या रस्त्यावरच्या त्यांच्या ऑफिसात चंडीगडची ड्रॉइंग्ज निघत होती, त्या काळात, १९५१ ते १९५४, तिथे एक पुण्यात जन्मलेला आणि मुंबईच्या जेजेत शिकलेला तरुण काम करत होता: बाळकृष्ण दोशी. पुढे २०१८ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे तेच हे दोशी.

आता ते राजभवन. डोळ्यांपुढे आणायचं तर समोरून बघितलेलं चित्र घ्या. उंच चौथऱ्यांवर, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत आणि अरुंद होत जाणारी इमारत. खाली समारंभांची दालनं, त्यावर पाहुण्यांच्या खोल्या, त्याच्या वर राज्यपालांचं घर आणि सगळ्यात वर उघडी गच्ची. त्या गच्चीवर मोजक्या आधारांवर तोललेलं काँक्रीटचं छत आहे, तेही उलटं वळलेलं, उताण्या चंद्रकोरीसारखं. घुमट आकाशाला पाठ करतो, हे छत आकाशाकडे तोंड करून बसलंय. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर झोपणाऱ्या उत्तर भारतातली बरसाती, म्हणजे गच्चीवरचा आडोसा, आणि मुघलांच्या महालांवरच्या छत्र्या, दोन्ही त्यात दिसतात. समोर वेगवेगळ्या पातळ्यांवर बागा आणि पाण्याचे हौद. मोटारींचा रस्ता जमिनीखालच्या पातळीवर, म्हणजे चालत येणाऱ्याला फक्त बाग, पाणी, इमारत आणि मागचे डोंगर दिसावेत.

त्या एका वळणाने मागच्या शिवालिकच्या रांगेला जे उत्तर दिलंय, तसं उत्तर मी कुठल्याही बांधलेल्या इमारतीत बघितलेलं नाही. दादाही त्या सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर, अडून बसला. "या कोरीचं शटरिंग अवघड गेलं असतं," तो म्हणाला, "पण गेलं असतं. आपल्या गवंड्यांनी विधानसभेचं कवच ओतलंच की."

दुसऱ्या दिवशी सेक्टर १. कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे विधानसभा, सचिवालय आणि हायकोर्टाचा परिसर, इथे आत एकट्याने हिंडता येत नाही. ओळखपत्र दाखवून पास घ्यायचा आणि गाइडबरोबर ठरलेल्या वेळेला जायचं. १९९५ मध्ये सचिवालयाच्या आवारातच पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची हत्या झाली, तेव्हापासूनचा बंदोबस्त आजही जाणवतो. सचिवालयाची इमारत २५४ मीटर लांब आहे. तिच्या एका टोकाकडून दुसरीकडे बघताना काँक्रीटच्या त्या जाळीदार उभ्या-आडव्या पट्ट्यांमध्ये नजर हरवते. विधानसभेवरचं ते मोठं धुराड्यासारखं कवच अहमदाबादच्या वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरवरून सुचलेलं. या सगळ्यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय, म्हणून मी पुढे जाते.

फक्त विधानसभेच्या पोर्चपाशी थांबा. त्याच्या छताच्या कडेकडून वर बघा. ते छत सपाट नाही, वर वळलेलं आहे. हात लावता येतो त्या उंचीवर खांबांच्या भिंतींवर साच्याच्या लाकडी फळ्यांच्या रेघा उमटल्यात. कुठे गाठीचा ठसा, कुठे दोन फळ्यांच्या फटीतून निथळलेल्या सिमेंटची पातळ कड. दादाने त्या कडेवरून बोट फिरवलं आणि वरच्या वळणाकडे बघत म्हणाला, "अगं, ही तुझी चंद्रकोरच ना?" तीच होती. राजभवनाच्या माथ्यावर जो आकार बसायचा होता, त्याचंच भावंड इथे दारावर उभं आहे, आणि पोर्चपुढच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंबही पडतं. न बांधलेली कल्पना वाया जात नाही याचा इतका रोखठोक पुरावा मी दुसरीकडे बघितलेला नाही.

विधानसभा आणि हायकोर्ट समोरासमोर आहेत, पण मधलं अंतर ४०० मीटरच्या वर. उन्हात ते फरसबंद मैदान पार करताना बहुतेकांना वाटतं की अंतराचा काहीतरी घोळ झालाय. गाइडलाही हा प्रश्न नेहमीचा असावा. पण या मैदानाचं माप दोन इमारतींसाठी नाहीच. ते तिघांसाठी आहे. दोघी दोन बाजूंना आणि तिसरं, आकाराने लहान पण सगळ्यांच्या माथ्यावर, डोंगराच्या बाजूला मध्यभागी. तो तिसरा कोपरा रिकामा असल्यामुळे मैदान पसरट वाटतं. शहराकडच्या बाजूला खोदकामाच्या मातीचे उंचवटे मुद्दाम रचलेत, शहर दिसू नये म्हणून. सगळी नजर डोंगराकडे वळवायची, आणि वाटेत ती राजभवनावर टेकायची, असा तो बेत.

मी गाइडला त्या जागेबद्दल विचारलं. "मॅडम, उधर तो कुछ नहीं है," तो म्हणाला, आणि मग मी मोबाइलवर रेखाटन दाखवल्यावर स्वतःच आणखी पुढे चालत आला. जिथवर जाऊ देतात तिथवर गेलो. गवत, थोडी झुडपं, मागे शिवालिकची निळसर रांग. मोबाइलमधलं चित्र समोर धरून मी ते डोंगराच्या रेषेशी जुळवलं. गाइडने तो मोबाइल माझ्याकडून मागून घेतला आणि स्वतः जुळवून बघितलं. मग दादाने. कोर नेमकी कुठे आली असती, कुठल्या घळीच्या समोर, यावर दोघांचं बराच वेळ एकमत होईना.

बांधलं का नाही? खर्चाचा प्रश्न होता आणि आकार कमी करण्याचीही वेळ आली. पण निर्णायक ठरलं ते जवाहरलाल नेहरूंचं म्हणणं. लोकांनी निवडलेली विधानसभा आणि न्यायालय यांच्या माथ्यावर राज्यपालांचा महाल बसवणं लोकशाहीला शोभत नाही, असं त्यांना वाटलं. मला ते पूर्ण पटतं. ब्रिटिशांनी दिल्लीत रायसीनाच्या टेकडीवर व्हाइसरॉयचं घर सगळ्यांच्या वर बांधलं होतं, नव्या प्रजासत्ताकाने तीच मांडणी पुन्हा करायची काय गरज? नेहरूंचा निर्णय बरोबर होता, आणि तरीही ते डिझाइन या सगळ्या परिसरातलं सर्वात सुंदर आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत असं मी मानते. इमारत चुकीच्या कामासाठी आखली गेली म्हणून तिची रेषा कमअस्सल ठरत नाही. पंजाबचे राज्यपाल सेक्टर ६ मध्ये राहतात, त्याने कुणाचं काही अडलेलं नाही.

पुढे कॉर्बुझिए यांनी त्याच जागेसाठी ज्ञानसंग्रहालय सुचवलं. तेही झालं नाही. ते आता बांधावं का, याची चर्चा अधूनमधून निघते. २०१६ मध्ये युनेस्कोने कॉर्बुझिए यांच्या सात देशांतल्या १७ ठिकाणांना जागतिक वारशात घेतलं, त्यात हा कॅपिटॉल आहे, त्यामुळे तिथे वीट ठेवणंही सोपं नाही. माझं मत विचाराल तर बांधू नये. पॅरिसच्या ऑफिसात तो माणूस साइटवरची प्रत्येक अडचण आली की रेषा बदलत होता. आज आपण बांधू ती गोठलेल्या ड्रॉइंगची नक्कल असेल.

पण मग ओपन हँडचं काय, असं दादाने लगेच विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. उघड्या पंजाचं ते २६ मीटर उंच शिल्प कॉर्बुझिए यांच्या हयातीत झालं नव्हतं. ते १९६५ मध्ये गेले आणि शिल्प १९८५ मध्ये उभं राहिलं. खाली खोल चौक आहे, लोकांनी बसून सार्वजनिक प्रश्नांवर बोलावं म्हणून. वाऱ्याबरोबर पंजा फिरतो. आम्ही उभे होतो तेव्हा तो इतक्या सावकाश वळला की खांबाच्या रेषेशी ताडून बघितल्यावरच लक्षात आलं. देण्यासाठी उघडा, घेण्यासाठी उघडा, हा त्याचा अर्थ. तो नंतर बांधला हे चांगलंच झालं, कारण त्या वस्तूत राहायचं नाही, काम करायचं नाही. रेखाटनात होती तेवढीच ती आहे. घराचं तसं नसतं. घर बांधता बांधता घडतं.

जवळच नेकचंद यांचं रॉक गार्डन. सरकारी नोकरीतल्या या माणसाने परवानगी नसताना, वर्षानुवर्षं गुपचूप, फुटक्या कपबशा, बांगड्या आणि मोडलेल्या सिरॅमिकमधून एक अख्खं राज्य उभं केलं, आणि १९७६ मध्ये ते लोकांना खुलं झालं. पलीकडे सगळी ड्रॉइंग्ज असून इमारत नाही, इथे मंजूर ड्रॉइंग नसताना बाग आहे. चंडीगडला एवढं सामावून घेता आलं याचं मला फार कौतुक वाटतं.

जाणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी सेक्टर १० चं म्युझियम, मग सेक्टर १९ मधलं ल कॉर्बुझिए सेंटर (ही त्यांची मूळ ऑफिसची इमारत), आणि त्यानंतर कॅपिटॉल. उलट केलंत तर ती मोकळी जागा नुसती मोकळीच दिसेल. थंडीत जा, सकाळची फेरी घ्या, मूळ ओळखपत्र ठेवा आणि राजभवनाचं एक रेखाटन छापून न्या, मोबाइलचा पडदा उन्हात नीट दिसत नाही. चंडीगड प्रशासनाने त्या जागेच्या कडेला काचेवर कोरलेलं तेच रेखाटन, डोंगराच्या रेषेशी जुळेल असं, उभं करावं असं मला मनापासून वाटतं. त्याला ना पाया लागणार, ना मोठं टेंडर. दादाने परतीच्या गाडीत त्याचं एस्टिमेटही काढून ठेवलंय.