जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी

सांगलीच्या आसपास बंगले आणि रो-हाऊसची कामं करते. प्लॅनच्या बैठकीत देवघर कुठल्या कोपऱ्यात, ओटा किती फुटी, कपाटं कुठल्या भिंतीला, यावर तास-तास खल होतो. जिन्याचं नाव काढलं की यजमान म्हणतात, "तो बसवा की उरलेल्या जागेत."

राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे एनबीसी २०१६, घरातल्या जिन्याला पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिमी आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी २५० मिमी सांगते. साइटवरच्या भाषेत रायझर साडेसात इंच, ट्रेड दहा इंच. जिन्याची रुंदी किमान एक मीटर; दुमजली रो-हाऊसला ७५० मिमी चालते. आता गणित करा. दहा फुटी मजला म्हणजे ३०४८ मिमी. सोळा पायऱ्या काढल्या तर रायझर १९०.५ येतो, अर्ध्या मिलिमीटरनं नापास! म्हणून सतरा, रायझर १७९. पायऱ्या विषम हव्यात हा वास्तूवाल्यांचा आग्रहही आपसूक पुरा होतो, त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

मधे लँडिंग, म्हणजे वळणाचा सपाट टप्पा, घेऊन हा जिना वळवायचा तर साधारण सात बाय दहा फूट जागा लागते. मिळते सहा बाय आठ. मग ट्रेड साडेसात-आठ इंचांवर येतो. चढताना हे कळत नाही, कारण चढताना अर्धं पाऊल टेकलं तरी भागतं. उतरताना टाच मागच्या रायझरला घासते, चवडा हवेत राहतो आणि माणूस नकळत पाय तिरके टाकू लागतो. त्यात हातात धुतलेल्या कपड्यांची बादली नाहीतर गच्चीवरून आणलेलं सांडग्यांचं ताट, म्हणजे पायाखालचं दिसत नाही, आणि साडीच्या निऱ्या चवड्याखाली. गच्चीचा जिना सगळ्यात चिंचोळा आणि उभा करायचा, ही आपल्याकडची रीतच. आणि त्याच जिन्यानं घरातल्या बायकांची सगळ्यात जास्त ये-जा.

पण मापं कागदावर बरोबर असूनही जिना दगा देतो, तो पहिल्या आणि शेवटच्या पायरीला. एक-दोन पायऱ्या चढल्या की पाय उंची ओळखतो, पुढे कोणी खाली बघत नाही. म्हणून सगळ्या पायऱ्या सारख्या असणं हे साडेसात इंचांच्या नियमाइतकंच महत्त्वाचं. अमेरिकेतल्या घरांच्या कोडमध्ये एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या रायझरमध्ये ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. आपल्याकडे काय होतं बघा. सेंट्रिंगवाला, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा ठोकणारा, काँक्रीटमध्ये सगळे रायझर १७९ चे नेमके काढतो. मग खाली पीसीसीवर, म्हणजे जमिनीवरच्या काँक्रीटच्या थरावर, सिमेंटचा मसाला आणि फरशी मिळून ७५ मिमी चढते, पायऱ्यांवर ग्रॅनाईट आणि मसाला ४० मिमी, वरच्या मजल्यावर फरशी ६० मिमी. पहिला रायझर उरतो १४४, शेवटचा होतो १९९, मधले सगळे १७९. दोन इंचांहून जास्त फरक, आणि चूक कोणाचीच नाही! पुढे दहा वर्षांनी जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली की पहिली पायरी आणखी बुटकी होते.

गवंड्याला हे सांगितलं की उत्तर ठरलेलं, "ताई, फिनिशिंगमध्ये बघू." फिनिशिंगमध्ये काही बघता येत नाही. मसाला जाड करून किती करणार? म्हणून मी सेंट्रिंग लागायच्या आधीच पाण्याच्या नळीनं खालची आणि वरची तयार फरशीची लेव्हल भिंतीवर मारून घेते. त्या दोन रेघांमध्ये सतरा सारखे भाग पाडायचे, प्रत्येक खुणेतून ग्रॅनाईट आणि मसाला वजा करायचा, आणि ती काँक्रीटची पायरी. म्हणजे काँक्रीटचा पहिला रायझर मुद्दाम उंच आणि शेवटचा बुटका दिसतो. सेंट्रिंगवाला हमखास हटकतो, "माप चुकलंय." चुकलेलं नाही, तसंच ठोक.

पॉलिश ग्रॅनाईटचा हट्ट असेल तर कडेला खाचा तरी मारून घ्या. ओल्या पायाला त्या तकतकीत दगडावर काहीच धरायला मिळत नाही.

कठड्याचं थोडक्यात. ट्रेडच्या मध्यापासून वरपर्यंत एक मीटर उंच. सध्या स्टीलच्या आडव्या पाइपांची फॅशन आहे. दिसतात छान, पण दोन वर्षांच्या पोराला ती आयती शिडी. पाइप उभेच लावा, आणि दोन पाइपांत चार इंचांपेक्षा कमी फट ठेवा. इंग्लंडच्या नियमात कसोटी सरळ आहे: १०० मिमीचा चेंडू आरपार जाता कामा नये. फॅब्रिकेटर म्हणेल पाइप जास्त लागतील, बिल वाढेल. वाढू द्या.