चार महिन्यांत पुसलेला काना

मी मुलुंडला घरूनच भाषांतराचं काम करते. जूनमध्ये लॅमिंग्टन रोडवरून ६०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. दसऱ्यापर्यंत त्याचं इंग्रजी 'ई'चं बटण गुळगुळीत झालं. अक्षराची फक्त खालची आडवी रेघ उरलीय. खिडकीतून तिरपा उजेड आला की ते तेल चोपडल्यासारखं चमकतं. 'डी'ही त्याच वाटेवर आहे.

नेमकी हीच दोन का? इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्ड मांडणीत 'ई'वर काना आणि 'डी'वर हलंत, म्हणजे जोडाक्षरासाठी पाय मोडायची खूण. या दोघांशिवाय मराठीची ओळ पुढे सरकत नाही.

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे नॉर्मल वेअर अँड टेअर आहे, वॉरंटीत बसत नाही. तुमचं टायपिंग जास्त आहे." अहो, टायपिंगसाठीच तर घेतला! माझ्या जुन्या लॅपटॉपवर सात वर्षं हेच काम केलं, त्याची अक्षरं अजून शाबूत आहेत.

बटणांसाठी वापरतात त्यातलं एबीएस प्लास्टिक बोटांच्या घासण्याने लवकर गुळगुळीत होतं, पीबीटी प्लास्टिक जास्त टिकतं. वरून नुसतं छापलेलं अक्षर तर पुसणारच. चांगल्या बटणांचा खर्च वाचवायचा कंपनीने आणि भुर्दंड मी का सोसायचा? नवरा म्हणतो, स्टिकर लाव. नव्या वस्तूला ठिगळ लावायला माझा हात धजत नाही.

काल १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नाहीच ऐकलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. बिल आणि बटणांचे फोटो फाइलला लावून ठेवलेत.